जात्याचा खुंटा आणि डावा हात

मी जन्माची डावखुरी. अमरावतीला वडील मास्तर होते. त्यांनी छडीच्या धाकाने लिहायला उजवा हात लावला, पण बाकी सगळं मी डाव्यानेच करायची. मला दाखवायचं ठरलं तेव्हा आईने बजावलं, पानसुपारीचं तबक उजव्या हातानेच पुढे कर. डावा हात पदराखाली राहिला आणि लग्न जमलं.

सासर अकोल्याजवळच्या खेड्यात, शेतकऱ्याचं. तिथे अन्नाला डावा हात लावणं म्हणजे पाप. पहाटे जात्यावर ज्वारी, मग विहिरीचं पाणी, सगळं उजव्या हाताने ओढू लागले. वर्षाच्या आत खांदा असा धरला की वेणी घालायला हात वर जाईना. एरंडाची पानं बांधून झाली, बिब्ब्याचे चटके झाले. त्यांचे डाग अजून आहेत, गुण मात्र आला नाही. शेजारणी म्हणू लागल्या, दुखणं माहेराहूनच आलं असेल, पोरीला परत धाडा. कारण मला ठाऊक होतं. पण सांगावं तर फसवून दिली म्हणून धाडतील, न सांगावं तर दुखणाईत म्हणून.

शेवटी सासूबाईंनी बैलगाडी जुंपवली आणि मला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. नागपूरहून बदलून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी कुठे दुखतं हे फारसं विचारलंच नाही. दोन्ही दंड चाचपले, जातं ओढल्यासारखा हात फिरवायला लावला, आपल्या तळव्यांवर माझे तळवे रेटायला सांगितले. मग सासूबाईंकडे वळून सरळ म्हणाल्या, "हिचा कामाचा हात डावा आहे. सगळा भार उजव्यावर पडतोय, म्हणून तो दुखतो."

रोग असा काही नव्हता. उजवा हात रोज भिंतीवर बोटांनी थोडा थोडा वर चढवायचा आणि जड कामाला डावा लावायचा, एवढंच औषध. पण इतके दिवस लपवलेलं सासूबाईंसमोर उघड झालं.

घरी आल्यावर, आता माहेरी धाडतील म्हणून, मी लुगडी पेटीत भरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी जात्यापाशी बसले आणि खुंट्याला उजवाच हात लावला. सासूबाई समोर येऊन बसल्या. त्यांनी तो हात काढला, डावा धरून खुंट्यावर ठेवला.

"डाव्यानं दळ," त्या म्हणाल्या. "दार लावून घेतो मी. लोकायले काहून दाखवाचं?"

कडी घालून त्या परत माझ्यासमोर बसल्या, आणि त्या घरात मी पहिल्यांदाच मोकळेपणी रडले.