मेव्हण्याच्या फटफटीचं पोटदुखणं

माझ्या हातून आयुष्यात एकच यंत्र बिघडलं, कारण त्यानंतर कुणी मला यंत्राला हात लावू दिला नाही.

यंत्र माझं नव्हतंच. बायकोचे थोरले भाऊ वसंतराव जहाजावर इंजिनखात्यात होते. वैशाखात बोटीवर जाताना त्यांनी आपली जुनी फटफटी रत्नागिरीला आमच्या पडवीत आणून ठेवली. ते जरा का-कू करत होते, पण आमच्या हिनेच भरीस घातलं. "दादा, खुशाल ठेव. हे शाळेत सायन्स शिकवतात. रोज सकाळी मऊभात ताटभर पसरतात नि उष्णता कशी लवकर निघून जाते ते मला समजावून सांगतात." (एवढ्या शिफारशीवर गाडी ठेवली, म्हणजे थोडा दोष त्यांचाही आहे.)

मी गाडीची काळजी घेतली. जरा जास्तच घेतली. आमच्याकडचा पाऊस नि खारी हवा लोखंड खाऊन टाकतात. गाडी निरखून पाहिली, तर इंजिनाच्या नळकांड्याला बाहेरून पातळ पातळ पट्ट्या, आणि दर दोन पट्ट्यांमध्ये फट. पाणी शिरायला उत्तम सोय! बनवणाऱ्याचं इथे लक्ष नव्हतं, असं माझं मत पडलं. मी मिरकरवाड्याहून होड्या बांधणाऱ्या हसनचाचांना बोलावलं. होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत ते कापूस नि राळ ठासायचे, तसं इथेही ठासायला सांगितलं.

"मास्तर, होडी पाण्यात जाते. ही कुठं जाणार?"

"तुम्ही ठासा हो."

चाचांनी इतकं सुबक काम केलं की नळकांडं देवळातल्या खांबासारखं गुळगुळीत दिसू लागलं. मी तेवढ्यावर समाधान मानून पावसाळाभर निर्धास्त झोपलो.

दसऱ्याला फटफटी बाहेर काढली. झकास सुरू झाली. मैलभर गेली नि आत खडखड, मग धाप, मग एकदम गप्प. तासाभराने पुन्हा सुरू, पुन्हा मैलभर, पुन्हा गप्प. त्यात वसंतरावांचं पत्र आलं की शनिवारच्या आगबोटीने येतो.

"अहो, मी शब्द दिलाय दादाला," ही म्हणाली. "गाडीला काही झालं तर माहेरी कुठल्या तोंडानं जाऊ मी?"

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगतो, वाटलं ते कुतूहल. लोखंडाच्या पोटात नेमकं काय वाजतंय? मी गाडी सुरू केली, स्वयंपाकघरातली फुंकणी आणली, एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला, आणि डॉक्टरांसारखे डोळे मिटले. आत कुणीतरी पाट्यावर खडे वाटत होतं. मी वहीत लिहिलं, 'रोग आत आहे.' (दुसऱ्या दिवशी चार तास शिकवून घरी आलो, तेव्हा कळलं की कानाभोवती काजळीचं काळं कडं उमटलंय. शाळेत एकानेही सांगितलं नाही.)

मग आमची आत्या आली. आळीतला कुठला फणस पिकलाय हे ती नुसतं टिचकी मारून सांगायची. तिने नळकांड्यावर दोन टिचक्या मारल्या.

"बद्द वाजतंय रे बाळ्या. गुदमरलंय ते. आणि देवळात राळ जाळल्यासारखा वास कसला येतोय?"

"आत्या, हा फणस नाही. रोग आत आहे."

"बरं बाबा, तू शिकलेला."

शुक्रवारी मी इंजिन उघडलं. सगळे भाग क्रमाने केळीच्या पानावर मांडले. आणि सापडलं! आतल्या दट्ट्यावर मांजरीने ओरबाडावं तसे लांबच लांब चरे. मी आनंदाने हिला हाक मारली. "बघ, म्हटलं नव्हतं, नुकसान आतच आहे?"

ती म्हणाली, "सापडल्याचा एवढा आनंद कशाला? कशानं झालं ते सांगा."

मी वहीत लिहिलं, 'कारणही आतच असावं.'

शनिवारी वसंतराव आले ते थेट पडवीत. दट्ट्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. नळकांडं उचललं, हातात फिरवलं, मग खिशातून चाकू काढून टोकाने हलकेच खरवडलं. करपलेल्या कापसाचा एक लांब पेळू बाहेर आला.

"मास्तर," ते फार शांतपणे म्हणाले, "या गाडीला निववायला पाणी नसतं. वारा या फटींतून जातो नि इंजिन निवतं. तुम्ही तर तिला दुलई पांघरून धावायला लावलीत."

आत्याने तेवढ्यात आणखी एक टिचकी मारून घेतली. मला हिच्याकडे बघवेना. तिने माझ्यासाठी शब्द दिला होता, आणि मी तो राळ ठासून बुजवला होता. खरंच फार वाईट वाटलं.

मग तीच पुढे झाली. "दादा, पट्ट्या म्हणजे पसरलेला मऊभातच ना? जितकं पसरट, तितकी उष्णता लवकर जाते?"

"अगदी बरोबर," वसंतराव चकित होऊन म्हणाले. "हे तुला कुणी शिकवलं गं?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्यांनीच. रोज सकाळी."

नवा दट्टा मुंबईहून आला, तो वसंतरावांनी स्वतःच बसवला. ही माहेरी ताठ मानेने जाऊन आली. शिकवलेलं तिला तरी कळलं होतं. मला मात्र तेव्हापासून मऊभात खोलगट वाटीत मिळतो, वरपर्यंत गच्च दाबून. मी मुकाट्याने फुंकर मारत बसतो.