मशीनमध्ये घेतलेला उखाणा

डोळ्यांसमोर मधोमध काळा डाग आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, वयाने होतं. वयाने काय काय होतं हे आता मीच त्यांना शिकवू शकते. कडेकडेचं दिसतं, मधलं जातं. म्हणजे रिक्षा दिसते, रिक्षावाल्याचं तोंड दिसत नाही. पुण्यात त्याने फारसं काही बिघडत नाही.

बिघडलं ते भिंतीवरच्या फोटोपाशी. हे जाऊन चार वर्षं झाली होती. सकाळचा चहा फोटोकडे बघत घ्यायची माझी सवय. आता फ्रेम दिसे, हार दिसे, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता डाग. एके दिवशी डोळे मिटून ह्यांना आठवायला गेले, तर तिथेही फ्रेम आणि हारच. एवढा संसार केला आणि माणसाचा चेहराच हातचा जावा? कोणाला सांगितलं नाही, पण फार घाबरले होते मी.

त्याच सुमारास डॉक्टरांकडे एक मुलगी भेटली. नागपूरकडची, इथे संशोधन करायला आलेली. म्हातारपणी नजर गेली की मेंदूतला बघण्याचा भाग गप्प बसतो की काम करत राहतो, हे ती मशीनमध्ये मेंदूचे फोटो काढून तपासत होती. म्हणाली, "आजी, आधी चित्रं दाखवू, मग डोळे मिटून जवळच्या माणसाचा चेहरा आठवायचा." मी लगेच हो म्हटलं. तिला वाटलं, आजींना विज्ञानाची भारी आवड.

बांगड्या, कानातलं काढून मला त्या बोगद्यात आडवं सरकवलं. डोकं उशांमध्ये घट्ट बसवलेलं. आवाज असा, की सोसायटीत बोअरिंगची गाडी आली आहे. चित्रं संपली आणि कानात तिचा आवाज आला, "आता त्या व्यक्तीचं मनातल्या मनात नाव घ्या आणि चेहरा समोर आणा. हलू नका बरं."

झाली पंचाईत. आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव कोण घेतं? जन्मभर 'अहो'वरच भागवलं. नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. नुसतं नाव मनातसुद्धा येईना. शेवटी लग्नाच्या पंगतीतला उखाणाच सुरू केला. खडकवासल्याचं पाणी येतं पुण्याच्या नळाला, अमुकरावांचं नाव घेते पंगतीच्या वेळेला.

आणि हे आले. कानाच्या पाळ्या लाल, कपाळावर मुंडावळ्यांचा वळ, हातात माझ्यासाठी धरलेला जिलबीचा घास. उखाणा ऐकून सगळे वाहवा करत होते, आणि हे माझ्यापुरतं पुटपुटले होते, "आमच्या पेठेत दिवसातून एकदाच येतं."

मी खुदकन हसले. मशीन थांबलं. "आजी, तुम्ही हलून राहिल्या होत्या. ओठ पण हलत होते. खराब झाला फोटो," ती म्हणाली. मला बाहेर काढलं तर माझ्या डोळ्यांत पाणी. फोटो बिघडला म्हणून आजी रडतात असं वाटून ती बिचारी पाठीवरून हात फिरवायला लागली. "होतं असं. राहू द्या आता, थकल्या असाल."

थकले नव्हते. चेहरा मिळाला याचा आनंद होताच. पण तो मुंडावळ्यांतला मुलगा मला तेव्हा धड माहीतही नव्हता. ज्यांच्याशी भांडले, ज्यांची औषधं सांभाळली, ज्यांच्याबरोबर म्हातारी झाले, ते हे मला हवे होते.

"पुन्हा करू," मी म्हटलं.

पुन्हा तो बोगदा, पुन्हा ती बोअरिंगची गाडी. कानात सूचना आली. या वेळी उखाणा घेतला नाही. ओठ घट्ट मिटून मनात नुसतं म्हटलं, "अहो." ह्यांनी पेपर खाली केला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.