सेटलमेंटच्या केसला उलटतपास नसतो

"ए बाई, आरोपीच्या नातेवाइकांनी भाईर थांबायचं."

सोलापूरच्या सेशन्स कोर्टात हवालदारानं माझा दंड धरून मला दारापर्यंत नेलं. अंगावर काळा कोट, गळ्यात पांढरे बँड. माझे सीनियर वकील मागून म्हणाले, "सोड रे, ज्युनियर आहे माझी. पण वास बरोबर घेतलास. सेटलमेंटचीच आहे."

सगळे हसले. मीही हसले! आता कवळी आहे; तेव्हा दात खरे होते आणि नको तिथं दिसायचे.

सेटलमेंट म्हणजे इंग्रजांनी आमच्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवून तारेत कोंडलं, ती वस्ती. तार गेली. कुठं चोरी झाली की पोलीस अजून तिथंच येतात.

त्या दिवशी आरोपीच्या पिंजऱ्यात आमच्याच गल्लीतला गडी होता. दरोडा आणि खून. सरकारनं त्याला वकील दिला तो माझा सीनियर. गड्याच्या बायकोनं मला जिन्यात गाठलं. "ताई, वळखपरेडीच्या आदीच साक्षीदाराला ह्येंचं त्वांड दावलंय. चौकीत. म्या तितंच हुते की."

मी सीनियरना सांगितलं. ते म्हणाले, "सेटलमेंटच्या केसला उलटतपास घ्यायचा नसतो. सगळ्यांचा वेळ जातो. तू फाइल धर."

धरली. छातीशी, तान्ह्या लेकरासारखी. काय ते ध्यान!

साक्षीदारानं बोट दाखवलं. हाच तो. न्यायाधीशांनी विचारलं, "उलटतपास?"

सीनियर अर्धवट उठले. "नाही."

खालच्या कोर्टात विचारलंच नाही, त्यावर अपिलात काय भांडणार? त्या एका शब्दानं हायकोर्टाचं दारही लागत होतं. पिंजऱ्यातला गडी माझ्याकडं बघत होता. सगळं नीट चाललंय ना, असं.

मी उठले. "आहे, साहेब. एकच प्रश्न." सीनियरनी कोट ओढला. बसले नाही.

"परेडीच्या आधी आरोपीला कुठं पाहिलंत?"

साक्षीदारानं हवालदाराकडं पाहिलं. मग खाली. "चौकीत. तितंच दावला मला."

टायपिस्टनं उत्तर घेतलं.

जन्मठेप झालीच. सीनियरनी मला हाकललं. गड्याच्या बायकोनं अपिलाचं काम मला दिलं. गेटवर तोच हवालदार भेटला; ती चौकीही त्याचीच. लई गोड आवाज. "वकीलबाई, तुमचा धाकटा भाऊ यंत्रमागावर कामाला जातो न्हवं? सुटतो कवा?"

मी वेळ सांगितली. वकील म्हणे!

दुसऱ्या दिवशी भाऊ घरी आला नाही. चौकीत गेले, तर चोरीच्या संशयावर धरून आणलेला; भिंतीला टेकून बसलेला, ओठ फुटलेला. "ताई, सोड की ती केस."

"भाऊ शाणा हाय, बाई," हवालदार म्हणाला. "ऐका त्येचं."

मी कोरं वकीलपत्र काढलं आणि भावाची सही घेतली. कागदावर रक्त लागलं. पुसलं नाही.

"अपील मीच चालवणार," मी हवालदाराला म्हटलं. "आणि ह्याच्या केसला साक्षीला तुम्ही याल. या. तुम्ही उत्तर देईपर्यंत मी खाली बसणार नाही."