तो बोल्ट मी घासला होता

आज जे लिहितो आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वरिष्ठांना नाही, आणि कोर्टात शपथेवर विचारलं तेव्हा तर मी सरळ उलटं सांगितलं. चाळीसगाव तालुक्यातल्या एका कपाशीच्या वावरात पडलेलं ते लहान विमान अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या विमानाच्या इंजिनातला एक तुटका बोल्ट पुढे साऱ्या खटल्याचा कणा झाला. तो बोल्ट पॉलिश पेपरने मी घासला होता. आळ दुसऱ्यावर आला आणि मी तो येऊ दिला.

नावं कुणाचीच लिहिणार नाही. यातली बहुतेक माणसं हयात आहेत.

मी तेव्हा तालुक्यातल्या एका ग्रामीण पोलीस स्टेशनचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदाराने फोन कानाला लावला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "साहेब, वावरात विमान पडलं म्हणतो." आमच्या भागावरून शिकाऊ वैमानिकांची विमानं रोज घिरट्या घालायची. लोकांनी मान वर करून बघणंही सोडून दिलं होतं. मी म्हणालो, "ट्रॅक्टर पडला असेल, नीट विचार." त्याने पुन्हा विचारलं. विमानच होतं.

पोहोचलो तेव्हा शिकवणारा वैमानिक जागीच गेलेला होता. शिकाऊ मुलगी जिवंत होती, पाय मोडला होता, आणि बायकांनी तिला लिंबाखाली निजवून डोक्यावर पदर धरला होता. आम्ही दोर बांधला, गर्दी मागे सारली, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. ज्याचं वावर होतं तो म्हातारा दोरापलीकडून मला म्हणाला, "साहेब, इमानना पंचनामा करस तुम्ही. मन्हा बठ्ठा कापूस मोडाई गया, त्याना पंचनामा कोन करी?" मी त्याला म्हणालो, "आबा, तलाठ्याला सांगतो." सांगायचं राहून गेलं.

थोड्या वेळाने प्रशिक्षण संस्थेची गाडी आली. तीत एक तंत्रज्ञ होता. धुळ्याचा, यंत्रमाग चालवणाऱ्या घरातला, तिशीतला. विमानांच्या देखभालीचा परवाना मिळवणारा त्याच्या मोहल्ल्यातला तो पहिलाच. हातात टूलबॉक्स घेऊन तो विमानाभोवती फिरला, गेलेल्या वैमानिकाचं तोंड पाहिलं आणि बांधावर खाली बसला. तो टूलबॉक्स पुढे त्याला महागात पडला.

दुसऱ्या दिवशी दिल्लीहून अपघात तपासाचं पथक आलं. प्रमुख एक बाई होत्या, इंजिनियर, मराठी चांगलं बोलणाऱ्या. त्यांनी इंजिन पाहिलं आणि मला समजेल अशा शब्दांत सांगितलं. पिस्टनला फिरत्या शाफ्टशी जोडणारा दांडा तुटून इंजिनाचं कवच फोडून बाहेर आला होता. दांड्याचं खालचं टोक आणि त्याला आवळणारा बोल्ट जागेवर नव्हता. "तो तुकडा मिळाला तर आहे तसा पिशवीत टाका आणि मला फोन करा," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. तीस वर्षांच्या नोकरीत अशा सूचनांना मी किती वेळा मान हलवली असेल.

तुकडा मिळाला तो खबरीमुळे. पंक्चर काढणाऱ्या माझ्या एका जुन्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, तुम्ही वावर उकरी ऱ्हायनात. माल ते गावमा इकाई गया." पहिल्या दिवशी संध्याकाळी दोराखालून शिरून गावातल्या कुणीतरी विखुरलेलं लोखंड गोळा करून भंगारात घातलं होतं. मी हवालदाराला घेऊन चाळीसगावात भंगारवाल्याकडे गेलो.

भंगारवाला बाजेवर बसून चहा पीत होता. मी विचारलं, "विमानाचं लोखंड घेतलंस?"

"साहेब, माझ्याकडे लोखंड येतं ते वजनाने येतं. ते आभाळातून आलं का विहिरीतून निघालं, हे काट्याला कळत नाही."

"आत टाकल्यावर कळेल."

"मग चहा घेऊन टाका की आत. बघा, तो ढीग कालचा आहे."

ढिगात मोटारसायकलींचे, पाण्याच्या इंजिनांचे, ट्रॅक्टरचे तुकडे होते. सगळ्यांवर तेल आणि माती. त्यातला विमानाचा कुठला? आता इथे माझा हात पुढे झाला तो सवयीने. आमच्याकडे चोरीच्या मोटारसायकली सरहद्द ओलांडून मध्य प्रदेशात जातात आणि नंबर खोडून परत येतात. खोडलेला इंजिन नंबर वाचायचा तर पेट्रोलचा बोळा फिरवायचा, पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासायचं, वर खडूची पूड चोळायची. अंक उमटतात. या कामात माझा हात असा बसला होता की शेजारच्या पोलीस स्टेशनचे लोक मला बोलवायचे.

हवालदाराने संशयाचे दोन-तीन तुकडे धरले, मी घासले. एकावर जाडसर कडा होती आणि तिच्यात मध्येच मोडलेला बोल्ट अडकलेला होता. मी कडा घासली, बाजू घासल्या, आणि मोडलेलं तोंडही घासलं, कारण तिथे काळपट थर होता आणि मला वाटलं खाली काहीतरी असेल. तिथे काही नव्हतं. नंबर निघाला तो बाजूला, पथकाने दिलेल्या नंबराशी जुळणारा. मी खूश झालो. भंगारवालासुद्धा म्हणाला, "साहेब, तुम्ही आमच्या धंद्यात पाहिजे होता."

पंचनामा लिहिताना हवालदाराने विचारलं, "घासून साफ केला असं लिहू का?"

मी म्हणालो, "गाड्यांच्या पंचनाम्यात लिहितो का आपण? वर्णन लिही, नंबर लिही, लाखेचं सील कर."

त्याने तसंच केलं.

पुढे बरेच महिने गेले. मग त्या बाई पुन्हा आल्या, या वेळी एकट्या, आणि माझ्या केबिनमध्ये दार लावून बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हा प्रथमच ऐकलं. त्या विमानाचं इंजिन दुरुस्तीला परदेशात गेलं होतं. इथल्यापेक्षा तिथे ते स्वस्तात व्हायचं. तिथल्या वर्कशॉपमध्ये ते पूर्ण उघडून, नवे भाग घालून, बंद करून परत पाठवलं होतं. आता दोनच शक्यता होत्या. तिथे बोल्ट नीट आवळला नसेल तर तो रोज थोडा थोडा चिरत जाऊन तुटतो. इथे तेल कमी पडलं असेल तर तो तापून तुटतो. दोन्ही तुटण्यांच्या खुणा वेगळ्या, आणि त्या दिसतात फक्त मोडलेल्या तोंडावर.

"आणि तोंड कुणीतरी घासलंय," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "आम्हाला मिळाला तसाच सील केला, मॅडम."

हे वाक्य माझ्या तोंडातून किती सहज गेलं याचं मला आजही आश्चर्य वाटतं. विमानाच्या अवशेषांना हात लावायचा नाही हा नियम आहे, हे मला माहीत होतं. चौकशी लागली असती, निलंबन झालं असतं. एवढंच कारण. याहून मोठं काही कारण माझ्याकडे नव्हतं.

मी विचारलं, "त्या वर्कशॉपवर तुमचं नियंत्रण नसतं का?"

"आमची मान्यता आहे त्यांना. आमची माणसं तपासायला जातातही, पण आधी कळवून जातात, तिथल्या सरकारच्या परवानगीने जातात. त्या दिवशी सगळं झाडूनपुसून ठेवलेलं असतं. प्रमाणपत्रावर सही करणारा माणूस आम्हाला भेटतो. बोल्ट आवळणारा कधीच भेटत नाही." मग त्या म्हणाल्या, "हे तोंड शाबूत असतं आणि त्यावर चिरत गेल्याच्या खुणा निघाल्या असत्या, तर तिथून आलेलं प्रत्येक इंजिन मी जमिनीवर ठेवायला लावलं असतं. आता मी काय दाखवू?"

मग प्रश्न उरला की घासलं कुणी. संस्थेच्या व्यवस्थापकांनी सुचवलं की अपघातानंतर सर्वांत आधी तिथे पोहोचलेला त्यांचा माणूस तोच तंत्रज्ञ, आणि तेल बघायचं कामही त्याचंच. आम्ही त्याचा टूलबॉक्स तपासला. पॉलिश पेपर निघाला. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होणं आणि पुरावा नष्ट करणं, अशी कलमं लागली. मी त्याला अटक केली.

चौकशी मीच केली.

"पेपर कशाला ठेवतोस?"

"साहेब, प्लग साफ करायला. तुमच्या जीपच्या ड्रायव्हरकडे पण असेल, विचारा."

"उलट बोलू नको. तेल बघितलं होतंस?"

तो बोटांवर दिवस मोजत आठवू लागला. माझा अनुभव असा की खोटं बोलणारा तयार उत्तर घेऊन बसतो. ज्याला खरं सांगायचं असतं तो आठवत बसतो. "बघितलं होतं," तो म्हणाला. "बरोबर होतं. पण आत काय झालं ते मला कसं कळणार? ते इंजिन उघडायची आम्हाला मुभाच नव्हती. उघडलं तर तिकडची गॅरंटी जाते. आम्ही वरून बसवायचं आणि सही करायची."

"मग घासलं कुणी?"

त्याने फोटो मागितला. मी दिला. त्याने तो उजेडाकडे धरला आणि सावकाश म्हणाला, "साहेब, हे नुसतं तोंड नाही घासलेलं. कडा घासलीय, बाजू घासल्यात, नंबरापाशी येऊन थांबलंय. हा माणूस नंबर शोधत होता." तो पुढे म्हणाला, "मला नंबर कशाला शोधायचा? ते इंजिन मी बसवलेलं. हा तुकडा कशाचा, हे ज्याला माहीत नव्हतं त्याने..."

तो थांबला. त्याची नजर फोटोवरून उठली आणि माझ्या हातांवर आली, मग तोंडावर. दाराशी उभा असलेला हवालदार खाली बघत होता.

"साहेब, तुम्ही..."

"खाली बस," मी म्हणालो. तो बसलेलाच होता.

तपासात ज्याला धागा सापडणं म्हणतात, तो त्या खोलीत सापडला होता. आरोपीला सापडला होता. माझ्यासमोर त्याने तो पुन्हा उच्चारला नाही. त्याच्या वकिलाने कोर्टात मला विचारलं, "जप्तीच्या वेळी तुम्ही वस्तूत काही फेरफार केला का?" मी म्हणालो, "नाही." तंत्रज्ञ आरोपीच्या जागेवरून माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. एखाद्याची बस चुकताना बघावी तसा.

संशयाचा फायदा मिळून तो सुटला. कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्याजवळ आला.

"सुटलो, साहेब."

"चांगलं झालं."

"कुठं चांगलं? दिल्लीच्या अहवालात लिहिलंय, देखभाल करणाऱ्याने पुरावा बिघडवल्याची शक्यता. परवाना परत देत नाहीत. विमानाला हात लावू शकत नाही मी." मग अगदी हळू म्हणाला, "कोर्टाचं झालं ते झालं. त्या मॅडमना एकदा सांगाल का?"

मी म्हणालो, "बघतो."

पोलीस माणूस 'बघतो' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, ते त्यालाही ठाऊक होतं. त्याने सलाम केला आणि जिना उतरून गेला.

त्यानंतर मी फार काळ नोकरी केली नाही. स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि लोकांना पाठीचं दुखणं सांगितलं. जळगावात राहतो. तो धुळ्यात पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करतो, असं त्या हवालदाराने मला कळवलं. मी विचारलं नव्हतं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर सांगणं अवघड आहे. हजारो मैलांवरच्या त्या वर्कशॉपात कुणीतरी बोल्ट घाईत आवळला असेल, किंवा नसेलही. त्याला वाटलं असेल, हे आता बंद होणार, परदेशात जाणार, कोण उघडून बघतंय. मी लाखेचं सील केलं तेव्हा माझ्या मनातही नेमकं तेच होतं. मी आयुष्यभर दुसऱ्यांची कुलपं तपासली, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या गोष्टी तपासायला कुणी येणार नाही यावर निर्धास्त राहिलो. त्या बाईंच्या बोलण्याचा अर्थ हाच होता की इतक्या लांबच्या कामावर विश्वास ठेवण्यावाचून इलाज नसतो. मग ज्यांच्यावर विश्वास ठेवायचा त्यांच्यापैकी एकाने तरी खरं सांगायला हवं, आणि त्या साखळीत तेव्हा मी होतो. ते वर्कशॉप अजून चालू आहे, तिथून इंजिनं अजून येतात, आणि ती लावलेल्या विमानांत रोज सकाळी कुणाची तरी मुलं बसतात. बोल्ट तिथे बिघडला होता का इथे, हे आता कुणालाच कळणार नाही. पण तो घासला कुणी, हे सांगता येतं.

हे इथे छापून येईल, पण छापलेल्या लेखाने परवाना परत मिळत नाही. त्यासाठी माझ्या नावानिशी, माझ्या सहीचा, शपथेवरचा जबाब दिल्लीला जायला हवा. कोर्टात खोटं बोलल्याची जी काही शिक्षा असेल ती त्यासोबत येईल. तो जबाब मी अजून दिलेला नाही. धुळ्याला जाऊन त्याच्यासमोर उभा राहिलेलो नाही. ही दोन्ही कामं माझ्याकडे बाकी आहेत.