हाड म्हणायचं न्हाय

वाचकहो, गल्लीतल्या कुत्र्याशी तुम्ही आजवर 'हाड' सोडून दुसरा एखादा शब्द बोलला आहात का? नसाल, तर माझ्या आत्याच्या व्याह्यांसमोर उभे राहू नका. बारामतीपासून इंदापूरपर्यंत गिऱ्हाईक हाकलून धंदा करणारा असा माणूस दुसरा सापडायचा नाही.

या व्याह्यांची, म्हणजे तात्यांची, उमर माळेगावला बैलगाडीतून ऊस वाहण्यात गेली. बैल विकल्यावर हात रिकामे राहवेनात, म्हणून त्यांनी बारामतीतल्या बंगल्यांमधली कुत्री फिरवायला आणि शिकवायला घेतली. एका वेळी एकच कुत्रा. लशीचं कार्ड दाखवल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. घाण उचलायला खिशात कायम कागद. गावात वाटायला मी काढलेली असली पत्रकंसुद्धा त्यांनी त्याच कामी लावली. आधी वाचतात, एवढंच माझं समाधान. एका इंजिनियरने कुत्रा दिवसभर साखळीला असतो असं सांगितलं, तेव्हा म्हणाले, "सायेब, दोन दिस तुमी बसा साखळीला, मग कुत्र्याचं बघू." काम गेलं आणि तात्या खुशीत घरी आले.

मग खंड्या आला. एका डॉक्टरीणबाईंनी हौसेने पाळलेलं तांबडं गावठी पिल्लू. घरातली सगळी त्याला "हाड, हाड" म्हणत मटणाचं हाड द्यायची. त्यामुळे रस्त्यात कुणी 'हाड' म्हणून हाकललं की हा शेपूट हलवत थेट त्याच्या पायाशी. माणूस दगड उचलायचा आणि हा हाडाची वाट बघत थांबायचा. एक पाय त्यातच अधू झाला.

तात्या बाईंना म्हणाले, "हाकलायला आन् खायला घालायला एकच शबूद. कुत्र्यानं ऐकायचं तरी काय?"

"मग शिकवा की त्याला."

"त्याचं काय चुकलंय? शिकायचं तुमाला हाय."

महिनाभर शिकवणी चालली. बाई हाडाला 'खाऊ' म्हणू लागल्या. खंड्याला 'बस' पक्कं कळलं. पण 'हाड' काही त्याच्या मनातून गेलं नाही. तो शब्द त्याला अजून मायेचाच वाटतो.

परवा कागदाची घडी करता करता तात्या हळूच म्हणाले, "कुत्रं शिकवलं, बाई शिकवली. आता आख्खं गाव कुठं शिकवत बसू?"

तेवढं काम या पत्रकातून मी घेतलं आहे. तेव्हा रस्त्यात एखादा लंगडा, तांबडा कुत्रा शेपूट हलवत तुमच्याकडे आला, तर दगडासाठी वाकू नका. नुसतं 'बस' म्हणा. तो बसतो.