साखळी टाक्याची शेवटची कडी

माझ्या दबोरामावशीनं आयुष्यात एकाच बाईचा हेवा केला, पण तो इतका की दहाजणींना वाटून उरला असता. म्हातारपणी ती मला हे स्वतःच सांगायची, आणि पश्चात्तापानं नव्हे, चांगली चिडून.

सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट. केडगाव स्टेशनाजवळच्या ख्रिस्ती वस्तीत मावशीचं एकटीचं दोन खोल्यांचं घर होतं आणि पडवीत तिचा भरतकामाचा वर्ग चालायचा. पहिला धडा साखळी टाक्याचा. सुई जिथून वर आली तिथंच पुन्हा खाली घालायची, थोडी पुढं वर काढायची, दोऱ्याचा फेर तिच्याखाली धरायचा आणि ओढायचं, की पडली कडी. पुढची कडी हिच्या पोटातून. झबल्याचा गळा, परकराची कड, फुलाचा देठ, अभ्र्यावरचं नाव, सगळं या एका टाक्यावर निभतं. फक्त शेवटच्या कडीवर बारीक टाका घालून ती कापडाला जखडावी लागते. ते राहिलं, तर टोक ओढताच अख्खी ओळ सरसर उसवते.

सत्यवान दौंडच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. विधुर, मावशीहून दोन वर्षांनी मोठा, चर्चच्या गायनमंडळातला सगळ्यात भारदस्त आवाज त्याचा. रविवारी उपासना झाली की तुटक्या बटणांचे शर्ट घेऊन तो मावशीच्या दारात हजर. मावशी बटणं लावून द्यायची, वर न सांगता त्याच्या रुमालाच्या कोपऱ्यात ‘स’ भरून द्यायची. "दबोराबाई, तुमच्या हाताला तोड न्हाई," तो म्हणायचा, आणि तेवढ्यावर तिचा आठवडा निघायचा. आज ना उद्या हा आपल्याला लग्नाचं विचारणार, याची तिला खात्री होती. बाई हुशार, पण या बाबतीत अगदीच भोळी.

राहेल तिच्या वर्गातली सगळ्यात चलाख मुलगी. आईबाप नाहीत, आश्रमात वाढलेली. एका रविवारी मावशीचे हात पिठात होते, म्हणून तिनं सत्यवानाचा शर्ट राहेलच्या हाती बाहेर पाठवला. तेवढंच पुरलं. नाताळाच्या आधी पाळकसाहेबांनी चर्चमध्ये दोघांच्या लग्नाची सूचना वाचली, तेव्हा मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. टाका शिकवला मी, माणूस सांभाळला मी, आणि ही आयत्या बिळावर नागोबा, असं ती तेव्हा मनात म्हणाली आणि पुढं तीस वर्षं मला ऐकवत राहिली.

त्यात वस्तीतल्या बायकांनी नवरानवरीच्या नावाचे अभ्रे भरायचं काम तिच्यावरच टाकलं. नाही म्हणावं तर बोभाटा. सत्यवानाचं नाव तिनं जीव ओतून भरलं. राहेलचंही सुबक भरलं, पण शेवटची कडी जखडली नाही. दोऱ्याचं टोक मागं नेऊन नावाशेजारी भरलेल्या एका पानाखाली दडवलं. पहिल्याच धुण्यात बायकोचं नाव उसवून जाईल आणि उशीवर एकटा सत्यवान उरेल, असा तिचा बेत. हे सांगताना तिला हसू आवरायचं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी बायका रुखवत बघायला जमल्या. राहेलनं अभ्रा उचलला आणि आधी उलटा केला. काम नेहमी मागच्या बाजूनं तपासायचं, ही मावशीचीच शिकवण. तिचं बोट नावावरून फिरत गेलं आणि थांबलं.

"बाई, ही कडी मोकळी हाय," राहेल म्हणाली.

बोलली ती प्रेमाबाई, पाबळहून आलेली म्हातारी.

"मोकळीच ठिवायची असती. आमच्याकडं पोरीच्या रुखवताचा शेवटचा टाका तिची आई घालती. समद्यांदेखत. दबोरा, तुला गं कशी ठाव आमची रीत?"

मावशीनं ही रीत जन्मात ऐकली नव्हती. पण नाही म्हणायचं, तर कडी का सोडली तेही सांगावं लागणार. तिनं ठाऊक असल्यासारखी नुसती मान डोलावली.

राहेलच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "मला आई न्हाई, म्हून ठिवलीत व्हय?" तिनं स्वतःच सुई ओवली आणि मावशीच्या हातात दिली. बायका डोळे पुसत होत्या. मावशीनं टाका घातला. राहेलचा इतका राग तिला याआधी कधी आला नव्हता, कारण आता तो काढायलाही जागा उरली नव्हती.

प्रेमाबाईला तेवढ्यानं समाधान कुठलं? तिनं अंगणात उभ्या सत्यवानाला हाक मारली. "जावई, आत या. सासूबाईंचा आशीर्वाद घ्या."

तो आला, काय झालं ते बायकांनी त्याला सांगितलं, आणि तो भला माणूस मावशीपुढं गुडघ्यांवर बसला. "आई, आशीर्वाद द्या," म्हणाला. दबोराबाई हे नाव त्यानं त्यानंतर कधी उच्चारलं नाही.

मावशीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्या केसांना तिचा हात पहिल्यांदाच लागत होता, आणि सगळ्या बायका बघत होत्या म्हणून तो लगेच काढून घ्यावा लागला.