बिळांवर सिमेंट
ओल्या सिमेंटचा वास आला की दिवेआगरच्या आमच्या अंगणातली ती सकाळ आठवते. पोफळींखालच्या मोकळ्या मातीत निळ्या पट्ट्यांच्या रानटी मधमाश्यांनी बिळं केली होती. आमच्याकडे भाड्याने उतरणारे पाहुणे घाबरतात म्हणून आमचे हे तिथे कोबा घालायला निघाले. "अहो, या पोळं करत नाहीत, उगाच डसतही नाहीत. प्रत्येकीचं बीळ वेगळं, आत पिल्लं आहेत. महिनाभर थांबा," मी घसा फोडून सांगत होते. "अगं, शनिवारी माणसं यायचीत," म्हणत यांनी घमेलं ओतलंच. दुपारी पायांना पराग माखलेल्या माश्या परतल्या आणि सिमेंटवर घिरट्या घालत राहिल्या. "बघ, अजून जात नाहीत!" हेच उलट वैतागले. आज मला यांच्यापेक्षा माझाच राग येतो. नुसतं ओरडण्यापेक्षा मी त्या बिळांपुढे जाऊन उभं राहायला हवं होतं.